यकृतासाठी वनौषधी घेताना: तपासणीपासून थांबण्यापर्यंत

सोनोग्राफीच्या कागदावर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असं छापून आलं की डॉक्टरांकडे परत जाण्याआधीच घरात औषधं ठरलेली असतात. कुणी भुईआवळीचा रस सांगतं, कुणी गुळवेलीचा काढा, कुणी परदेशातल्या मुलाकडून मिल्क थिसलच्या कॅप्सूल मागवून घेतं. ह्यातल्या काही वनस्पतींमध्ये यकृतावर काम करणारी द्रव्यं खरोखर आहेत. प्रयोगशाळेत, प्राण्यांवर आणि काही बाबतींत माणसांवरही त्यांचा अभ्यास झाला आहे. पण जे द्रव्य यकृताच्या पेशीवर परिणाम करू शकतं ते तिला इजाही करू शकतं, आणि आतड्यात शोषली जाणारी बहुतेक द्रव्यं आधी यकृताकडेच जातात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: वनस्पतीला औषध मानत असाल तर तिला औषधाचीच शिस्त लावा. निदान, नेमकी ओळख, ठरलेली मात्रा, ठरलेली मुदत आणि मधल्या काळात रक्ततपासणी. ही शिस्त कशी लावायची ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: आधी रक्त, मग काढा

कुठलीही वनस्पती सुरू करण्याआधी लिव्हर फंक्शन टेस्ट करून तो रिपोर्ट जपून ठेवा. सुरुवातीचा आकडाच हातात नसेल तर पुढे फायदा झाला की तोटा, हे कुणालाच सांगता येणार नाही. रिपोर्टमध्ये एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या पेशींतली एन्झाइम्स), अल्कलाइन फॉस्फेटेज, जीजीटी, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) आणि अल्ब्युमिन असावं. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या, कारण त्यातल्या प्लेटलेट्सच्या आकड्याचा पुढे उपयोग आहे.

एसजीपीटी वाढलं म्हणजे पेशींना इजा होते आहे. पण यकृत निबर, म्हणजे आतून कडक, होत चाललं आहे का, हे तो आकडा सांगत नाही. निबर झालेल्या यकृतातही एसजीपीटी अगदी नॉर्मल असू शकतं. त्यासाठी फिब-४ नावाचा हिशेब आहे, तो घरी कॅल्क्युलेटरवर करता येतो. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. समजा वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट्स १ लाख ९० हजार. प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या, म्हणजे १९०. वर ४८ गुणिले ५२ म्हणजे २४९६, खाली १९० गुणिले ८ (६४ चं वर्गमूळ) म्हणजे १५२०. उत्तर १.६४. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृत निबर होण्याचा धोका सध्या कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त. मधे असेल, आपल्या उदाहरणासारखा, तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्यायचा. पासष्टीच्या पुढच्यांसाठी १.३ ऐवजी २ ही सीमा धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब तितकासा लागू पडत नाही.

हे सगळं नॉर्मल असेल, आणि तरीही 'यकृत साफ करण्यासाठी' काही घ्यावंसं वाटत असेल, तर घेऊ नका. निरोगी यकृतात साफ करण्यासारखा काही मळ साठलेला नसतो.

दुसरी पायरी: कारण शोधा

यकृताला सूज येण्याची कारणं वेगवेगळी आणि त्यांचे इलाजही वेगवेगळे. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांच्या साधारण तीन महिन्यांच्या कोर्सने बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. तो असताना वर्षभर काढे घेत बसणं म्हणजे बरा होणारा आजार वाढू देणं. म्हणून हिपॅटायटिस बी आणि सी ह्या दोन्ही तपासण्या एकदा करून घ्याच. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्याखाली ठरलेल्या सरकारी केंद्रांवर ह्या तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात.

दारू किती आणि किती वर्षं, हे डॉक्टरांना आणि वैद्यांना खरं सांगा. चालू औषधांची यादी करा. आपल्याकडे औषधांमुळे यकृताला जी इजा होते तिच्यात टीबीच्या गोळ्यांचा वाटा सगळ्यात मोठा आहे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ह्या तिन्ही गोळ्या यकृताला त्रास देऊ शकतात. टीबीचा कोर्स चालू असताना 'यकृताला आधार' म्हणून मनानेच पाला घेणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते. कावीळ झाली तर ती गोळ्यांनी झाली की पाल्याने, हे ओळखता येत नाही, आणि मग टीबीचे उपचारही थांबतात. तरुण वयात विनाकारण यकृत बिघडलेलं असेल तर विल्सन आजार, म्हणजे शरीरात तांबं साठणं, आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती यकृतावरच उलटणं, ह्यांचाही शोध घ्यावा लागतो.

राहिलं साधं फॅटी लिव्हर. वजन कमी करण्याइतका चांगला गुण त्यात दुसऱ्या कशानेच येत नाही. ८० किलोच्या माणसाने ४ किलो कमी केले की यकृतातली चरबी उतरायला लागते, ८ किलो कमी केले की निबरपणाही मागे हटू शकतो. वनस्पती ह्या कामात फार तर मदतनीस.

तिसरी पायरी: वनस्पती निवडा, पण पुरावा बघून

*भुईआवळी.* आपल्याकडे पावसाळ्यात शेताच्या बांधावर, कुंडीत, अंगणात आपोआप उगवते. काविळीवर तिचा रस देण्याची पद्धत जुनी आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'द लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात वागवणाऱ्या लोकांना फायलँथस अमारस जातीच्या वाळवलेल्या भुईआवळीची पूड, २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ३० दिवस दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठभागावरचा अंश नाहीसा झाला. तुलनेसाठी औषध नसलेली पूड दिलेल्या २३ जणांत असा एकच होता. लेखकांमध्ये हिपॅटायटिस बी च्या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळवणारे बरूक ब्लूमबर्गही होते. जगभर खळबळ उडाली. मग थायलंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये अशाच चाचण्या झाल्या आणि तसा परिणाम काही दिसला नाही. एकाच नावाने गोळा होणाऱ्या झाडांत जातीचा, मातीचा आणि तोडणीच्या हंगामाचा फरक पडतो, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. पण आजच्या घडीला हिपॅटायटिस बी वर भुईआवळीच्या भरवशावर राहणं योग्य नाही. टेनोफोविर, एन्टेकाविर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळ्यांची औषधं आहेत, तीच घ्यायची. साध्या सुजेत, वैद्यांच्या सल्ल्याने, थोड्या दिवसांसाठी भुईआवळी घेणं त्या मानाने सौम्य आहे, आणि यादीतून एकच निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

*कुटकी.* ही आपल्या सह्याद्रीतली नव्हे. हिमालयात ३००० मीटरच्या वर उगवणाऱ्या लहानशा झुडपाचं हे जमिनीतलं खोड. चव इतकी कडू की जिभेवर दाणाभर पूड ठेवली तरी तासभर तोंड कडू राहतं. तिच्यातल्या पिक्रोसाइड आणि कुटकोसाइड ह्या द्रव्यांच्या मिश्रणावर लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटने बरंच काम केलं आणि त्याला 'पिक्रोलिव्ह' असं नाव दिलं. मुंबईत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत विषाणूजन्य कावीळ झालेल्या १५ जणांना कुटकीची ३७५ मिलिग्रॅम पूड दिवसातून तीनदा, दोन आठवडे दिली. त्यांचं बिलिरुबिन सरासरी अडीचपर्यंत उतरायला सुमारे २७ दिवस लागले, तर पूड न मिळालेल्या १८ जणांना सुमारे ७६. आकडे आशादायक आहेत, पण माणसं फार थोडी. त्यानंतर मोठी, काटेकोर चाचणी व्हायला हवी होती. तशी झाली नाही ह्याचं वाईट वाटतं.

कुटकीने जुलाब होतात. शौचाला साफ होण्यासाठी तिची मात्रा वेगळी आणि यकृतासाठी वेगळी असते, म्हणून चमच्याने अंदाजे घेऊ नका. आणि अतितोडीमुळे ती धोक्यात आली आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या 'साइट्स' यादीत तिचं नाव आहे, त्यामुळे स्वस्त कुटकी दिसली की शंका घ्या.

इथेच आरोग्यवर्धिनी वटीबद्दल बोलायला हवं, कारण फॅटी लिव्हरसाठी ती सर्रास विकत आणली जाते. तिच्यात निम्मा भाग कुटकी असते हे खरं, पण उरलेल्या भागात शुद्ध पारा, गंधक, लोहभस्म, अभ्रकभस्म आणि ताम्रभस्म येतं. ही रसौषधी, म्हणजे धातू-खनिजं घालून बनवलेलं औषध, आहे. वैद्याने नाडी, वजन, मूत्रपिंडाची अवस्था बघून, ठरावीक दिवसांसाठी द्यायची. दुकानातून डबी आणून महिनोन्‌महिने दोन-दोन गोळ्या घेण्याचं हे औषध नाही. विल्सन आजार असलेल्याला तर तांब्याचं भस्म देणं म्हणजे आगीत तेलच.

*मिल्क थिसल.* जांभळ्या फुलांचं, पानांवर दुधी रेषा असलेलं हे भूमध्य सागराच्या काठचं काटेरी झाड. बियांतून सिलिमारिन काढतात. यकृतासाठी जगात सगळ्यात जास्त अभ्यास झालेली वनस्पती बहुधा हीच. 'डेथ कॅप' नावाच्या विषारी अळंबीची बाधा झाली तर युरोपात सिलिमारिनमधलं सिलिबिनिन शिरेतून देतात, तिथे त्याचं स्थान पक्कं आहे. पण हिपॅटायटिस सी च्या १५४ रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत, २०१२ मध्ये, नेहमीच्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा २४ आठवडे देऊनही एसजीपीटीत फरक पडला नाही. फॅटी लिव्हरमध्ये काही चाचण्यांत एन्झाइम्स थोडे उतरलेले दिसतात. जमेची बाजू ही की ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पोट बिघडणं, क्वचित ॲलर्जी, एवढंच. शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल त्यांनी मात्र टाळावी. गोळी घ्यायचीच असेल तर लेबलवर 'सिलिमारिन' किती, तेच बघा. नेहमीची मात्रा १४० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा. 'मिल्क थिसल ५०० मिलिग्रॅम' असं नुसतंच लिहिलेलं असेल तर त्यात काम करणारं द्रव्य किती, ते कळत नाही.

*हळद.* भाजीतली, दुधातली हळद वेगळी आणि कर्क्युमिनची कॅप्सूल वेगळी. कर्क्युमिन अंगात फारसं शोषलं जात नाही, म्हणून उत्पादक त्यात मिऱ्यातलं पिपरिन घालतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की पिपरिनने माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढतं. हाच गुण दोषही ठरू शकतो. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे झालेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ७ जणांमध्ये एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. एक जण दगावला. तीच खूण ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांतही सापडते. स्वयंपाकातली हळद बिनधास्त वापरा. मिरं घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल यकृतासाठी म्हणून घेऊ नका. ग्रीन टीचंही तसंच: कपातला चहा चालेल, वजन उतरवण्याच्या गोळीतला अर्क नको.

*गुळवेल.* कोविडच्या काळात घराघरांत काढा उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे देशातल्या इतर केंद्रांतूनही अशा नोंदी आल्या. आजाराचं रूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. आयुष मंत्रालयाने ह्याला हरकत घेतली, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल गुळवेल म्हणून वापरली गेली असावी असं सुचवलं. तो वाद तज्ज्ञांचा. वापरणाऱ्याने मात्र एवढं करावं: थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, संधिवात, ल्युपस, सोरायसिस असं काही स्वतःला किंवा जवळच्या नात्यात असेल तर गुळवेल पूर्ण टाळावी. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते.

*बाकीच्या.* कोकणात, गोव्यात जिला किराईत म्हणतात ती कालमेघ कडू आणि गुणी आहे. तिच्यातल्या अँड्रोग्राफोलाइडचा प्राण्यांवरचा अभ्यास चांगला आहे. पण गरोदरपणात ती नको, आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने तिच्यामुळे येणाऱ्या तीव्र ॲलर्जीबद्दल सूचना दिलेली आहे. माका आणि उन्हाळी, म्हणजे शरपुंखा, ह्यांच्याबद्दल माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. पुनर्नवा म्हणजे घेटुळी पावसाळ्यात भाजी करून आवडीने खा. औषध म्हणून तिचा काढा लघवी वाढवतो, म्हणून पोटात पाणी झालेल्यांनी आणि मूत्रपिंड दुखावलेल्यांनी मनाने घेऊ नये. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन जपानमध्ये जुनाट हिपॅटायटिससाठी इंजेक्शनने दशकानुदशकं वापरलं गेलं, पण ते रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. अश्वगंधा झोपेसाठी घेत असाल तर लक्षात असू द्या, तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

ज्यांचं नाव वनौषधींच्या यादीत सहसा येत नाही अशा काही गोष्टींचा पुरावा उलट जास्त भक्कम आहे. रोज दोन-तीन कप बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांत यकृत निबर होण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. झोप आणि ॲसिडिटी सांभाळून प्यायला हरकत नाही. सिस्टीन ह्या अमिनो आम्लापासून बनवलेलं एन-असिटाइलसिस्टीन पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वेळेत दिलं तर जीव वाचवतं. अस्वलाच्या पित्तात सापडलेलं, आणि आता कारखान्यात बनणारं, अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल पित्तनलिकांच्या एका ठरावीक आजारात मुख्य औषध आहे. ते 'लिव्हर टॉनिक' म्हणून सगळ्यांना द्यायचं नसतं. व्हिटॅमिन ई ची मोठी मात्रा, ८०० युनिट, मधुमेह नसलेल्या आणि बायोप्सीने सूज सिद्ध झालेल्या फॅटी लिव्हरमध्ये उपयोगी पडल्याचं २०१० च्या चाचणीत दिसलं. पण दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत तिच्या निम्म्या मात्रेनेही पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं, त्यामुळे ही गोळी डॉक्टरांनीच ठरवायची.

चौथी पायरी: झाड ओळखा, माल तपासा

भुईआवळी ओळखायची तर फांदी उलटी करून बघा. बारीक पानांच्या रांगेखाली देठांवर लोंबणारी, मोहरीपेक्षा थोडी मोठी, हिरवी गुळगुळीत फळं दिसली पाहिजेत. खोड तांबूस, आणि फळं खरखरीत व देठाशिवाय फांदीलाच चिकटलेली असतील तर ती तिचीच बहीण, पण जात वेगळी. गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत. जुन्या खोडावरची साल कागदासारखी सुटते, खालचा भाग हिरवा दिसतो, वरून सुतळीसारखी मुळं लोंबतात. पानाला लव असेल, किंवा खोडावर मोठमोठे गाठीसारखे फोड असतील तर ती घेऊ नका. किराईत मागताना 'ओलं किराईत, कालमेघ' असं स्पष्ट सांगा. काडेकिराईत ही निराळीच वनस्पती.

कुठून तोडता हेही महत्त्वाचं. कापूस आणि सोयाबीनच्या बांधावरची हिरवीगार भुईआवळी मोहात पाडते, पण तिथे तणनाशक आणि कीटकनाशक फवारलेलं असतं. सांडपाण्याच्या नाल्याकाठची आणि हमरस्त्यालगतची नको. सगळ्यात बरं म्हणजे दोन कुंड्यांत आपणच वाढवणं. ती इतकी सहज येते की विकत घ्यायची वेळ येऊ नये.

वाळलेला माल घेताना हातात घेऊन वास घ्या. कुबट वास, पांढुरकी बुरशी, दमटपणा, ह्यातलं काहीही असेल तर परत द्या. बुरशीतलं अफलाटॉक्सिन हे यकृताचं थेट विष आहे. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमाभागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. यकृत वाचवायला आणलेल्या मुळ्यांतून तेच विष पोटात जाऊ नये. घरातले बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मकाही ह्याच कारणासाठी निवडून टाकून द्यावेत. भाजून किंवा उकळून ते विष पुरतं जात नाही.

तयार औषध घेताना लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटकांची पूर्ण यादी आणि प्रत्येकाचं प्रमाण हवं. परदेशात राहणाऱ्यांनी विशेष जपावं. बॉस्टनच्या भारतीय दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. कागदाच्या पुडीतली बिननावाची पूड, मग ती कितीही नावाजलेल्या माणसाकडची असो, घेऊ नका.

पाचवी पायरी: घ्यायची पद्धत

एका वेळी एकच वनस्पती. दहा-बारा घटकांच्या सिरपने बरं वाटलं तरी कशाने ते कळत नाही, आणि अंगावर उठलं तरी कळत नाही. मात्रा वैद्यांकडून लिहून घ्या आणि डॉक्टरांनाही तो कागद दाखवा. रस काढायचा तर झाड मुळासकट उपटून वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, उकळून गार केलेलं पाणी घालून वाटा, गाळा आणि लगेच प्या. फ्रिजमध्ये साठवून ठेवू नका. काढा स्टीलच्या पातेल्यात करा, तांब्या-पितळेत नको.

मुदत आधी ठरवा. मी म्हणेन, फार तर बारा आठवडे. सुरू केल्यापासून चार आठवड्यांनी पहिली रक्ततपासणी, बाराव्या आठवड्यात दुसरी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. चौथ्या आठवड्यात एसजीपीटी आधीच्या दुप्पट झालं तर वनस्पती बंद करा. बाराव्या आठवड्यात फरक नसेल तरीही बंद करा. 'अजून थोडे दिवस' म्हणत रेटू नका. ह्या काळात वजन घटलं असेल तर सुधारणेचं श्रेय आधी वजनाला द्या, आणि वनस्पती थांबवल्यावर आकडे टिकतात का ते बघा.

सर्दी-तापाच्या गोळ्यांवर नजर ठेवा. अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेलं असतं. दिवसाकाठी ४ ग्रॅमच्या वर कुणीच जाऊ नये, आणि दारू पिणाऱ्यांनी किंवा यकृत आधीच दुखावलेल्यांनी त्याहून बरंच खाली राहावं.

कुणी घेऊच नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, यकृत किंवा मूत्रपिंड बदललेले रुग्ण, सिरोसिसमुळे (यकृत पूर्ण निबर झाल्यामुळे) पोटात पाणी किंवा ग्लानी येऊन गेलेले, केमोथेरपी घेणारे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हळदीचा अर्क आणि कालमेघ टाळावं. प्रत्यारोपण झालेल्यांनी तर पाहुण्यांच्या आग्रहाखातरही काढ्याचा घोट घेऊ नये. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी थोडी हलली तरी नवं यकृत गमावण्याची वेळ येऊ शकते.

पावसाळ्यातली कावीळ

गढूळ पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते आणि धडधाकट माणसात ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. काविळीची माळ, नाकात देवडांगरीचे थेंब, चुन्याच्या निवळीत हात धुणं, हे सगळं ह्याच मुदतीत 'गुण' देतं. माळेतल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावला असेल तर चुन्याच्या पाण्यात तो पिवळा होतो, कावीळ असो वा नसो. देवडांगरीने मात्र नाकाची आतली त्वचा भाजते आणि काहींना जोरदार रक्तस्राव होतो. ती नकोच.

करायचं ते एवढंच: विश्रांती, उकळलेलं पाणी, भूक लागेल तसं नेहमीचं साधं जेवण. पिवळं खाऊ नये, तेल अजिबात नको, ह्याला आधार नाही. उपाशी राहून अशक्तपणाच वाढतो. उसाचा रस आवडत असेल तर स्वच्छ चरकावरचा आणि बर्फाशिवाय घ्या. ज्या पाण्याने कावीळ आली त्याच पाण्याचा बर्फ ग्लासात असू शकतो. गरोदर बाईला कावीळ झाली तर घरी एक दिवसही काढू नका. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जिवावर बेततो, त्यात दर चार-पाच जणींमागे एक दगावू शकते.

थांबायच्या खुणा

वनस्पतीमुळे होणारी इजा सहसा दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत केव्हाही दिसते. आधी जेवणावरची वासना उडते, मळमळतं, थकवा येतो. मग लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे दिसतात. ह्यातलं काहीही सुरू झालं की त्याच दिवशी वनस्पती बंद करा आणि रक्त तपासा. एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन त्या मर्यादेच्या दुपटीच्या वर, असे दोन्ही एकत्र वाढलेले असतील तर ते गंभीर समजून मोठ्या रुग्णालयात जा. झोप उलटीपालटी होणं, बोलण्यात गोंधळ, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ह्यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा.

जाताना बाटली, पुडी, उरलेला पाला सोबत न्या. काय, किती दिवस, किती वेळा घेतलं ते लिहून न्या. 'घरगुतीच होतं' म्हणून लपवू नका. डॉक्टरांना ते कळलं तरच कित्येक नको त्या तपासण्या टळतात. बरं वाटल्यावर तीच वनस्पती 'परत एकदा बघू' म्हणून घेऊ नका, दुसऱ्या वेळची इजा लवकर आणि जास्त जोरात येऊ शकते. आणि नोंद करा. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय पातळीवरची मोफत मदतवाहिनी १८००-१८०-३०२४ ही आहे. कोणती वनस्पती, कुठल्या बॅचची, कुणाला बाधली, हे तिथे कळवलं गेलं तरच ते पुढच्या रुग्णाच्या वैद्यांपर्यंत पोहोचेल.